ज्वलनास मदत करणारा वायू कोणता?

प्रशिक्षणाची सुरुवात मी नेहमी एकाच प्रश्नाने करतो. आग लागायला कोणत्या तीन गोष्टी लागतात? सोसायटीचं पार्किंग असो, बँकेची वरच्या मजल्यावरची खोली असो की एमआयडीसीतला कारखाना, उत्तर सगळे मिळून देतात. जळणारा पदार्थ, उष्णता आणि प्राणवायू. साठी ओलांडलेले आजोबा तर हातसुद्धा वर करतात. मागून कुणीतरी पुस्ती जोडतं, "ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ज्वलनास मदत करतो." हे वाक्य असंच्या असं पाठ असतं, त्यातल्या 'ज्वलनास'सकट. एरवी घरात 'ज्वलनास' असं कोण बोलतं?

मग मी दुसरा प्रश्न विचारतो. शेगडीवर कढई आहे, तुम्ही फोनवर बोलत बाहेर गेलात, परत येता तर तेलाने पेट घेतलाय. काय कराल?

"पाणी!" हेही सगळे मिळून.

नोकरीची सगळी वर्षं मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलात काढली. निवृत्तीनंतर एका फायर एजन्सीबरोबर प्रशिक्षणाचं काम करतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीतली आगीची यंत्रणा चालू आहे असा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. त्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. फॉर्म बीचे दिवस आले की सोसायट्यांना आमची आठवण होते. दुसरा हंगाम एप्रिलचा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. त्या आठवड्यात आम्हाला सकाळ-संध्याकाळ बोलावणी असतात. बॅनर लागतो, फोटो निघतो, आणि सेक्रेटरी कानाशी येऊन म्हणतात, "साहेब, अर्ध्या तासात उरका, नाश्ता थंड होतोय."

त्या अर्ध्या तासात मला माणसांचं शाळेतलं विज्ञान जेवढं दिसतं तेवढं शाळेतल्या मास्तरांनाही दिसत नसेल. मास्तरांना ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यातलं दिसतं. मला वीस-तीस-चाळीस वर्षांनी उरलेलं दिसतं. आणि माझं मत असं झालंय की लोक विज्ञान विसरत नाहीत. व्याख्या आठवतात, सूत्रं आठवतात, चुन्याची निवळी दुधाळ होते हे आठवतं, निळा लिटमस लाल होतो हे आठवतं. पण हात हलवायची वेळ आली की हे सगळं बाजूला राहतं आणि शाळेत जायच्या आधीपासून डोक्यात बसलेलं काहीतरी पुढे येतं. 'पाण्याने आग विझते' हे कुणी शाळेत शिकलेलं नसतं. आजीने चुलीतल्या लाकडावर पाण्याचा हबका मारलेला असतो, होळीवर बादली ओतलेली असते, शेकोटीवर तांब्या रिकामा केलेला असतो. ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आठवीच्या पुस्तकाची त्यापुढे काय टाप?

म्हणून मैदान मोठं असेल आणि परवानगी मिळाली तर मी कढईचं प्रात्यक्षिक दाखवतो. (घरी कुणी करू नये. हे वाक्य मी तिथेही तीनदा म्हणतो.) लहान लोखंडी कढई, तळाशी बोटभर तेल, खाली बर्नर. लोकांना लांब उभं करतो. सुरुवातीला काही होत नाही. पोरं कंटाळतात, बायका आपसात बोलायला लागतात. मग तेलावर पातळ निळसर धूर दिसायला लागतो, तो दाट होतो, पांढरट होतो, घशाला खवखवतो. तळणीचं तेल साधारण १८० अंशांना असतं. पेट घ्यायला ते तीनशेच्या बरंच वर जावं लागतं. मधला हा सगळा वेळ धूर तुम्हाला हाका मारत असतो. मग एकदम, काडी न लावता, कढईच्या काठावर ज्योत फिरते आणि तेल पेटतं. बर्नर बंद केला तरी पेटलेलंच राहतं. इथे पहिला धक्का बसतो. "गॅस बंद केला ना हो?" केला. पण पेट घ्यायला लागते तेवढी उष्णता आता तेलातच आहे.

लांब बांबूला बांधलेला मग मी पुढे करतो. त्यात जेमतेम वाटीभर पाणी. ते कढईत पडल्याबरोबर फस्स असा आवाज होतो आणि जाळाचा लोट वर जातो, माणसाच्या उंचीच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त. पहिल्या रांगेतले चार पावलं मागे सरतात. एखादी वहिनी तोंडावर पदर धरते. "अगं बाई, एवढं?" वाटीभर पाण्याने एवढं.

मग मी विचारतो की असं का झालं. आता उत्तरं येतात, आणि ती बरोबर असतात. कुणी सांगतं, पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं. कुणी सांगतं, पाणी शंभर अंशांना उकळतं. कुणी सांगतं, वाफ जास्त जागा घेते. बरोबर. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पट होतं. तळाशी गेलेलं पाणी तीनशे अंशांहून जास्त तापलेल्या तेलात क्षणात वाफ होतं, वरचं तेल बारीक थेंबांनी उडवतं, आणि प्रत्येक थेंबाला चारी बाजूंनी प्राणवायू मिळतो. घनतेचा धडा एका इयत्तेत, उत्कलनबिंदूचा दुसऱ्या, ज्वलनाचा तिसऱ्या. लोकांना ते तिन्ही आठवतात. तिन्ही धडे एका कढईत आहेत हे मात्र त्यांना कुणी कधी विचारलेलं नसतं.

विझवायचं कसं? त्यासाठी मी दुसरी कढई पेटवतो आणि कुणालातरी पुढे बोलावून त्याच्याच हाताने विझवून घेतो. शेगडी बंद, मोठं झाकण कडेकडून सरकवत वर आणायचं, आणि झाकून सोडून द्यायचं. लगेच उघडून बघायचं नाही. बघितलंत तर हवा आत जाते आणि गरम तेल पुन्हा पेटतं. झाकण ठेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला फार आवडतं. एवढंच? हो, एवढंच. 'ज्वलनास मदत करणारा वायू' तोडला की झालं.

एकदा एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये प्रशिक्षण होतं. समोर रसायनशास्त्राचे एक अनुभवी सर बसले होते. मी विचारलं, स्वयंपाकघरात सिलेंडरचा गॅस गळतोय, तो कुठे साठेल? सर म्हणाले, "वर, छताशी. गॅस वरच जाणार." मी म्हटलं, "सर, एलपीजीत काय काय असतं?" प्रोपेन आणि ब्यूटेन, लगेच. "रेणुभार?" प्रोपेन ४४, ब्यूटेन ५८. हेही लगेच, तोंडावर. "हवेचा सरासरी?" साधारण २९. आणि मग सर गप्प झाले, हसले, कपाळावर हात मारला. ४४ आणि ५८ हे २९ पेक्षा जड आहेत, गॅस खाली फरशीवर पसरणार, ओट्याखाली, फ्रिजच्या मागे, दाराच्या फटीतून पलीकडच्या खोलीत. त्यांनी शेकडो मुलांना हे गणित शिकवलं असेल. पण 'गॅस' म्हटल्यावर त्यांच्याही मनात फुगा वर गेला.

सरांची चूक मी इथे गमतीने सांगत नाही. ते चांगले शिक्षक होते आणि पुढचा अर्धा तास त्यांनीच माझं काम केलं. त्यांनीच मुद्दा काढला की आता कितीतरी इमारतींत पाइपचा गॅस आलाय, तो मुख्यतः मिथेन. मिथेनचा रेणुभार १६, म्हणजे हवेपेक्षा हलका, तो खरोखरच वर जातो. म्हणजे एकाच गल्लीत, सिलेंडर असलेल्या घरात गळलेला गॅस जमिनीलगत साठणार आणि पाइपलाइन असलेल्या घरात छताखाली. सिलेंडरवाल्याने खालून हवा जाईल असं दार उघडायचं, पाइपवाल्याने वरची झडप, खिडकीचा वरचा भागही उघडायचा. दोघांनीही दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, एक्झॉस्ट फॅन लावायचा नाही, आणि लावलेला असला तर बंदही करायचा नाही, कारण ठिणगी चालू करताना पडते तशी बंद करतानाही पडते. हे शेवटचं ऐकून लोक हमखास चमकतात.

गॅसला वास असतो असंही बहुतेकांना वाटतं. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. हे सांगितलं की कुणीतरी म्हणतं, "हो, वाचलं होतं कुठेतरी." सगळंच कुठेतरी वाचलेलं असतं.

एका विज्ञान शिक्षक मित्राने मला एक जुना माहितीपट दाखवला होता, 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा, १९८७ चा. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पदवीदान समारंभाच्या दिवशी, झगे घातलेल्या नव्या पदवीधरांना, माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना विचारलं, उन्हाळा-हिवाळा का होतो, चंद्राच्या कला का दिसतात. २३ जणांपैकी २१ जणांना नीट सांगता आलं नाही. बरेच जण ठामपणे म्हणाले, पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा होतो. मित्र हसत होता. मला हसू आलं नाही, कारण ही चूक कुठून येते ते मला माझ्या धंद्यातून कळत होतं. जाळाच्या जवळ गेलं की पोळतं, लांब गेलं की गार वाटतं. रांगत्या पोरालाही हे कळतं. त्यावर भूगोलाच्या तासाला आसाचा कल, तिरपे किरण वगैरे रचलं जातं. परीक्षा संपते, वरचं उडून जातं, खालचं राहतं. खरं म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आपण तेव्हा शेकोटीभोवती बसून हुरडा खात असतो. जुलैच्या सुरुवातीला ती आणखी पन्नास लाख किलोमीटर लांब गेलेली असते. जानेवारीत थंडी पडते हे आपल्या अंगाला माहीत आहे, तरी 'जवळ म्हणजे ऊन' हे डोक्यातून हलत नाही.

याच्या उलट माणसंही भेटतात. शाळा चौथी-पाचवीत सुटलेली, पण हाताने शिकलेली. वडापावच्या गाडीवरच्या एका बाईंना मी कढईचा प्रश्न विचारला, तर त्यांनी मला असं बघितलं की हा काय विचारतोय. "झाकायची. पाणी कसं टाकीन? शिंतोडा पडला तरी तेल अंगावर येतं." त्यांच्या मनगटावर जुन्या डागांची ओळच होती. वेल्डिंगवाले ऑक्सिजनच्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू देत नाहीत, का ते त्यांना सांगता येत नाही, पण हाताखालच्या पोराने तेलकट फडकं पुढे केलं की शिवी हासडतात. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीस ठिणगीशिवायही पेटू शकतं. 'स्वतः जळत नाही, पण मदत करतो' या वाक्यातला 'मदत' हा केवढा मोठा प्रकार आहे ते त्या वेल्डरला पुस्तक न वाचता कळलेलं असतं.

पण अनुभवाच्या ज्ञानाचेही गोडवे गाऊन चालणार नाही. विहिरीच्या वर्द्या आठवतात. गाळ काढायला किंवा मोटार बघायला एक जण जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत उतरतो, चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. आम्ही पोचेपर्यंत वर उभे असलेले गावकरी खाली बघत असतात आणि खाली दोन-तीन माणसं पडलेली असतात. जुने शेतकरी उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडत. विझला तर उतरायचं नाही. ज्वलनाला लागतो तोच वायू श्वासाला लागतो, याहून सुंदर प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत असेल? प्राणवायू फार कमी असेल, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचला असेल, तर कंदील सांगतो.

गटार आणि सेप्टिक टाकी मात्र कंदिलाच्या अक्कलहुशारीच्या पलीकडची. तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याने कंदील विझत नाही, माणूस विझतो. मिथेन असेल तर कंदिलानेच स्फोट होईल. आणि इथे अर्धवट आठवलेलं शालेय विज्ञान फार घात करतं. "हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो", हे रसायनाच्या तासाला बसलेल्या प्रत्येकाला आठवतं, प्रयोगशाळेतल्या किपच्या उपकरणासकट. म्हणून टाकीच्या तोंडाशी वाकून बघतात. आधी वास येतो, मग येईनासा होतो. गेला वाटतं गॅस, असं म्हणून उतरतात. वायूचं प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं, कधी कधी वाढलेला असतो. पुस्तकात पहिलं वाक्य होतं, दुसरं नव्हतं. सेप्टिक टाकीत किंवा गटारात माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी उतरवतात. सोसायटीच्या कमिटीपुढे हे बोलताना मी आवाज चढवतो. माझा तिथे तोल जातो म्हणा हवं तर.

बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तसंच. थंडीच्या दिवसांत दार-खिडकी घट्ट लावून अंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही. घरचे म्हणतात, "पण साहेब, गॅसचा वास अजिबात नव्हता." नसणारच. गॅस गळला नव्हता, जळला होता. पण कोंडलेल्या जागेत प्राणवायू कमी पडला आणि कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. 'अपूर्ण ज्वलन' हा शब्द दहावी झालेल्या प्रत्येकाने लिहिलेला असतो. पिवळी ज्योत म्हणजे अपूर्ण ज्वलन, निळी म्हणजे पूर्ण. दोन गुण. भांड्याची बुडं काळी पडायला लागली की बर्नर साफ करणाऱ्या बायकांना ते दोन गुण न मिळवताच समजलेलं असतं.

सगळाच वेळ असा घाबरवण्यात घालवला तर माणसं नाश्त्याकडे बघायला लागतात. म्हणून मी चहाचा कागदी कप काढतो. पाण्याने अर्धा भरतो, चिमट्यात धरतो आणि खाली मेणबत्ती. "जळणार!" पोरं ओरडतात. बुडाला काजळी धरते, पण कप जळत नाही. थोड्या वेळाने पाण्यातून बुडबुडे यायला लागतात. मोठी माणसं मोबाइल खिशात टाकून पुढे येतात. एका सोसायटीत सत्तरीच्या आजी खुर्चीवरून उठून कपापाशी आल्या आणि म्हणाल्या, "पाणी आहे तोवर कागदाला ताप चढत नाही. आम्ही पळसाच्या पत्रावळीत पाणी तापवून बघितलंय लहानपणी." नेमकं. पाणी उष्णता ओढून घेतं, शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि कागद पेटायला त्याच्या दुपटीहून जास्त तापमान लागतं. मग मी कप रिकामा करून पुन्हा ज्योतीवर धरतो, आणि पाण्याने लाकडाची आग का विझते ते पाच वाक्यांत सांगून होतं. पाणी मुळात उष्णता काढून घेतं, आणि लाकडाला तेवढं पुरतं. आता कढईचं उत्तर त्यांचं त्यांनाच सापडतं, कारण तिथे पाणी तेलाला थंड करायच्या आधीच उडून जातं.

मेणबत्तीवर मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनला मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली होती. एका मेणबत्तीवर सहा! आमच्याकडे एका तासात ज्वलन, त्याचे प्रकार आणि अग्निशामक हे सगळं आटोपतं. आणि जो एक प्रयोग हमखास दाखवतात, पाण्यात उभी मेणबत्ती आणि वर उपडा ग्लास, त्याचं स्पष्टीकरण कित्येक वर्षं चुकीचं दिलं गेलंय. पाणी ग्लासात चढतं ते जळून गेलेल्या प्राणवायूची जागा घेण्यासाठी, असं सगळ्यांना आठवतं. 'हवेत एक पंचमांश प्राणवायू, म्हणून पाणी एक पंचमांश चढतं.' खरं म्हणजे ज्योतीने तापून फुगलेली हवा ज्योत विझल्यावर गार होऊन आकसते, म्हणून पाणी मुख्यतः चढतं. नीट बघितलं तर ज्योत जळत असताना पाणी फारसं चढत नाही, विझल्यावर भसकन चढतं. पण बघतो कोण? ग्लास बाईंच्या टेबलावर, आपण शेवटच्या बाकावर.

शाळेला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. मी ज्या गोष्टी सांगतो त्यातल्या बहुतेक बालभारतीच्या पुस्तकांत होत्या आणि आहेत. ज्वलन आहे, घनता आहे, अभिसरण आहे. धूर वर जातो, म्हणून धुरात वाकून, गुडघ्यांवर रांगत बाहेर पडायचं, हे अभिसरणच. पण मी शाळांच्या प्रयोगशाळाही तपासल्यात. काहींना कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. काहींत भिंतीला लाल बादल्या टांगलेल्या, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आग', आत वाळू अपेक्षित. आत काय असतं ते सांगायला नको. खडूचे तुकडे, बडीशेपेच्या पुड्या, पानाच्या पिंका. विज्ञानाचं पुस्तक एका कपाटात आणि विज्ञान त्या बादलीत, अशी आपल्याकडची वाटणी आहे. दहावीच्या शेवटच्या पेपरनंतर कढईचा, विहिरीचा, गिझरचा प्रश्न आपल्याला कुणी विचारत नाही. विचारतो तो आगीचा बंब, आणि त्याच्यापुढे पुरवणी मागता येत नाही.

आमच्या प्रशिक्षणांचीही तीच गत होते, हे सांगितलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टर लावतात, पडद्यावर आगीचा त्रिकोण दाखवतात, सगळे तो म्हणून दाखवतात, चहा होतो, फॉर्मवर सही होते. पुढल्या वर्षी त्याच सोसायटीत त्याच माणसांना कढईचा प्रश्न विचारला की पुन्हा "पाणी". पण ज्यांनी स्वतःच्या हाताने झाकण सरकवलेलं असतं, लाल नळकांड्याची पिन ओढून जाळाच्या शेंड्यावर नव्हे तर बुडाशी पावडर मारलेली असते, ते वर्षभरानेही बरोबर सांगतात. वॉचमन, लिफ्टमन, घरकामाच्या मावशी, सातवीतली पोरं, कुणीही. शिक्षण किती हा फरक तिथे दिसत नाही. हात लागला होता की नाही, एवढाच दिसतो. म्हणून हल्ली मी अट घालतो की प्रोजेक्टर नको, उघडी जागा हवी, आणि किमान वीस माणसांनी नळकांडं चालवलं पाहिजे. अर्ध्या सोसायट्या ही अट ऐकून दुसरा ट्रेनर बघतात.

तुमच्या सोसायटीत फॉर्म बी भरायची वेळ आली की सेक्रेटरींना प्रात्यक्षिकाचं विचारा. तोवर आजच करता येतील अशी तीन-चार कामं आहेत. शेगडीच्या नारिंगी सुरक्षा नळीवरचं साल वाचा, पाच वर्षं उलटली असतील तर नळी बदला. मोठ्या कढईवर पूर्ण बसेल असं एक सपाट झाकण ओट्याजवळ, हात पोचेल तिथे ठेवा, माळ्यावर नको. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर तो बाहेर काढून घ्या. आणि घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या ताईंनासुद्धा, विचारा की आपल्याकडचा गॅस गळला तर तो खाली साठेल की वर. एलपीजी गळतीसाठी क्रमांक १९०६, चोवीस तास चालू असतो. आगीसाठी १०१.